निकाल लागला, आता दिवस मोजा

कोर्टाचा निकाल आपल्या विरुद्ध गेला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, निषेधाचा मोर्चा. दोन, न्यायदेवतेच्या डोळ्यांवरच्या पट्टीवर एक जळजळीत भाषण. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात नवी मूर्ती बसली, तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही. आपली भाषणं मात्र अजून जुन्या पट्टीवरच चाललीत.

तिसरी गोष्ट कुणी करत नाही. कोर्टाच्या नक्कल विभागात जायचं, रांगेत उभं राहायचं आणि निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज टाकायचा. यात फोटो निघत नाही. यात हार पडत नाही. म्हणून हे काम कुणाचंच नसतं. माझं आजचं भांडण या तिसऱ्या गोष्टीसाठी आहे.

मी वकील नाही. दहावी पास आहे, गोदीत ठेकेदाराकडं मजुरी करतो, रात्रपाळी सुटली की कविता लिहितो. पण गोदीनं मला एक गोष्ट शिकवली. बोटीतून माल उतरला आणि टॅलीवाल्याच्या कागदावर चढला नाही, तर तो माल उतरलाच नाही. तुमची पाठ मोडली असली तरी नाही. हिशोब कागदाचा होतो, घामाचा होत नाही. कोर्टाचंही तसंच आहे. फरक एवढाच की तिथं घामाच्या जागी आपलं रक्त असतं.

आमच्या टोळीतल्या एकाच्या गावची गोष्ट सांगतो. त्याच्या चुलतभावाला जातदांडग्यांनी अर्धमेला केला. अ‍ॅट्रॉसिटी लागली, खटला चालला, साक्षीदार फुटले, आरोपी सुटले. निकालाच्या दिवशी पुढारी गाड्या भरून आले. ‘आम्ही वरच्या कोर्टात जाऊ’ असं माईकवरून सांगून गेले. म्हातारा बाप त्या शब्दावर विसंबून राहिला. चार महिन्यांनी कुणीतरी चौकशी केली तर अपील सोडा, निकालाची नक्कलसुद्धा कुणी मागितली नव्हती. सुटलेले आरोपी तोवर गावात छाती काढून फिरत होते. त्या बापानं पुढाऱ्याला फोन लावला. पुढारी म्हणाला, ‘बघू, काहीतरी करू.’ हे ‘बघू’ म्हणजे आपल्या चळवळीचं कायमचं अपील. त्याला नंबर पडत नाही, तारीख लागत नाही.

म्हणून पोरं मला जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथं लिहितो. भाषण नाही, कामाचं लिहितो.

अपील म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून चालतो का?

नाही. हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. वरच्या कोर्टात सहसा नवा साक्षीदार उभा राहत नाही. खालच्या कोर्टाच्या कागदांवर जे चढलं, तेच वर जातं. साक्षी, उलटतपासण्या, पंचनामे, डॉक्टरचे दाखले, आणि त्यावर न्यायाधीशानं काय निष्कर्ष काढला ते. वरचा न्यायाधीश ते वाचतो आणि खालच्याचं कुठं चुकलं ते पाहतो. आणि आरोपी निर्दोष सुटला असेल तर आपलं काम दुप्पट जड. पुराव्यावरून दोन्ही अर्थ निघू शकत असतील आणि खालच्या कोर्टानं आरोपीच्या बाजूचा अर्थ घेतला असेल, तर वरचं कोर्ट सहसा त्यात हात घालत नाही.

म्हणजे अपिलाची लढाई निकालानंतर सुरू होत नाही. ती पहिल्या साक्षीच्या दिवशी सुरू होते. आपला माणूस पिंजऱ्यात ‘मला जातीवरून शिवी दिली’ असं बोलला आणि ते कागदावर ‘शिवीगाळ केली’ एवढंच उतरलं, तर जात तिथंच मेली. वर कितीही मोठा वकील लावा, ती जिवंत होत नाही. म्हणून साक्षीच्या दिवशी दोन शिकलेली पोरं कोर्टात बसली पाहिजेत. काय टाइप होतंय ते कान देऊन ऐकलं पाहिजे आणि चूक दिसली की लगेच सरकारी वकिलाच्या कानावर घातली पाहिजे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ मध्ये कामकाजाचं चित्रीकरण करावं असं लिहिलंय. पीडितानं सामाजिक कार्यकर्त्याची मदत घ्यावी, हा हक्कही त्याच कलमात आहे. तो कार्यकर्ता म्हणजे तू आणि मी. कायद्यानं दिलेली खुर्ची रिकामी ठेवून बाहेर घोषणा देण्यात कसलं शौर्य?

मुदत किती?

अ‍ॅट्रॉसिटीच्या विशेष न्यायालयाचा निकाल असेल तर उच्च न्यायालयात अपील, आणि त्यासाठी ९० दिवस. हे कलम १४-अ. २०१५ च्या दुरुस्तीनं आलं आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालं. ९० दिवस उलटले तर उशिराचं सबळ कारण दाखवावं लागतं. १८० दिवसांनंतर दार बंद, असंही त्यात लिहिलंय. अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ही १८० दिवसांची अट घटनेविरुद्ध ठरवली. पण दुसऱ्या राज्यातल्या निकालाच्या भरवशावर महाराष्ट्रात झोपायचं नसतं.

जमिनीचा, घराचा, म्हणजे दिवाणी दावा असेल तर वेगळा हिशोब. जिल्हा न्यायालयात अपील करायचं तर ३० दिवस, उच्च न्यायालयात करायचं तर ९०. खालच्या फौजदारी कोर्टानं आपल्याच पोराला शिक्षा ठोकली असेल, आंदोलनाच्या केसमध्ये ती ठोकतातच, तर सत्र न्यायालयात जायला ३० दिवस आणि उच्च न्यायालयात जायला ६०. उच्च न्यायालयाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगीची याचिका करायची तर ९०.

नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. पण कुठून कुठपर्यंत? अर्ज टाकल्यापासून नक्कल तयार होईपर्यंत. अर्ज टाकण्याआधी घरी बसून काढलेले दिवस तुमच्याच अंगावर. म्हणून निकालाच्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, अर्ज टाका आणि पावती जपून ठेवा. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो. तो मोबाइलमध्ये घातला की तारीख दिसते. दिवसभर रील बघणाऱ्या अंगठ्याला एवढं काम जड नाही.

सरकारनं अपील केलं नाही तर?

तर तुम्ही करा. हा हक्क आहे, आणि तो फार जुना नाही. ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ मध्ये तो आला. पुढं १ जुलै २०२४ ला जुनी संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात तो कलम ४१३ मध्ये आहे. आरोपी सुटला, कमी गुन्ह्याखाली शिक्षा झाली किंवा नुकसानभरपाई अपुरी मिळाली, तर पीडित स्वतः अपील करू शकतो. पीडित मेला असेल तर त्याचा वारस करू शकतो. त्यासाठी कोर्टाची वेगळी परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१८ मध्ये सांगितलंय. एक उणीव ध्यानात ठेवा. कलम तेच लागलं पण शिक्षा कमी झाली, एवढ्याच कारणावर या तरतुदीखाली पीडिताला जाता येत नाही. ते सरकारनं करायचं असतं. सरकारकडून ते करून घ्यायला मोर्चा लागतो. बघा, मोर्चाला इथं खरं काम आहे.

या हक्काची किंमत कळायला खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला एका घरातली चार माणसं मारली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण अ‍ॅट्रॉसिटी लावली नाही. १४ जुलै २०१० ला नागपूर खंडपीठानं फाशीची २५ वर्षांची कैद केली. अ‍ॅट्रॉसिटी तेव्हाही लागली नाही. सगळ्या देशाला जे दिसलं ते कागदाला दिसलं नाही. आणि भंडाऱ्याचा निकाल लागला तेव्हा पीडिताच्या स्वतःच्या अपिलाचा हक्क संहितेत नव्हता. आज तो आहे. आज तो हक्क वापरला नाही तर दोष कुणाच्या माथी मारायचा?

पैसा कुठून आणायचा?

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कुठल्याही जातीच्या बाईला आणि तुरुंगातल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. उच्च न्यायालयासाठी वेगळी समिती आहे. फुकटचा वकील कामाचा नसतो असं सगळे म्हणतात. काही नसतातही. पण वकील चांगला मिळेपर्यंत मुदत थांबत नाही. आधी अपील दाखल करून घ्या, मग वकील बदलता येतो. मुदत बदलत नाही.

अंतराचाही प्रश्न असतो. मुंबईला आलेला गावचा माणूस उतरणार कुठं, खाणार काय? मुंबई, नागपूर, औरंगाबाद ही ठिकाणं होतीच. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचं काम तिथं चालतं. मुंबईत येणाऱ्यासाठी आपल्या चाळी आहेत, झोपड्या आहेत. जयंतीला जेवढ्या पंगती उठतात, त्यातली एक पंगत वर्षभर तारखेला आलेल्या माणसासाठी राखून ठेवा.

आणि भाषा! साक्ष झाली मराठीत, रडलो मराठीत, शिव्या खाल्ल्या मराठीत. उच्च न्यायालय चालतं इंग्रजीत. आपल्या आयुष्याचं भाषांतर आपल्यालाच वाचता येत नाही. इथं इंग्रजी शिकलेल्या आपल्या पोरांचं काम आहे. कंपनीच्या ईमेल लिहून रात्री दमता, ठाऊक आहे मला. पण महिन्यातला एक रविवार एखाद्या म्हाताऱ्याशेजारी बसून त्याच्या केसचा कागद त्याला मराठीत वाचून दाखवा.

अपील टाकलं म्हणजे खालचा हुकूम थांबतो का?

आपोआप थांबत नाही. अपील वेगळं आणि स्थगिती वेगळी. घर खाली करण्याचा हुकूम झाला, तुम्ही अपील टाकलं आणि पेढे वाटले, तरी दुसऱ्या दिवशी बुलडोझर येऊ शकतो. स्थगितीचा वेगळा अर्ज करून तो मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्या हुकमाची नक्कल हातात ठेवावी लागते. पोलिसाला तोंडी सांगितलेलं कळत नाही, शिक्का कळतो.

जामिनाचंही असंच. अ‍ॅट्रॉसिटीतल्या आरोपीला विशेष कोर्टानं जामीन दिला, तर त्या हुकमावरही उच्च न्यायालयात अपील होतं. आणि जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडिताला मिळालीच पाहिजे, त्याचं ऐकलंच पाहिजे. हे मर्जीचं नाही, बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलंय. नोटीस न देता जामीन झाला असेल तर हाच मुद्दा धरून वर जा.

आणि आपण जिंकलो तर?

तर जास्त सावध राहा. हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि आपला घात इथंच होतो. जिना दोन्ही बाजूंच्या पायांना खुला आहे, आणि ज्याच्याकडं जमीन आहे, पैसा आहे, त्याचे पाय त्या पायऱ्यांना सरावलेले आहेत.

तमिळनाडूतलं किळवेणमणी. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलित मजूर, बायका, पोरं एका झोपडीत जाळली. खालच्या कोर्टानं जमीनदारांना शिक्षा दिली. मद्रास उच्च न्यायालयानं सोडलं. इतके श्रीमंत, मोटारी बाळगणारे लोक स्वतः चालत जाऊन आग लावतील, हे न्यायालयाला पटलं नाही. बिहारमधलं बथानी टोला. ११ जुलै १९९६ ला २१ माणसं कापली. २०१० मध्ये आराच्या कोर्टानं २३ जणांना दोषी धरलं. १६ एप्रिल २०१२ ला पाटणा उच्च न्यायालयानं तेवीसच्या तेवीस सोडले. लक्ष्मणपूर बाथे. १ डिसेंबर १९९७ ला ५८ माणसं मारली. २०१० मध्ये २६ जणांना शिक्षा झाली, ९ ऑक्टोबर २०१३ ला सव्वीसही सुटले. आंध्रातलं चुंडूर. ६ ऑगस्ट १९९१ ला आठ दलित मारले. २००७ मध्ये २१ जणांना जन्मठेप आणि ३५ जणांना एक वर्षाची कैद झाली. २२ एप्रिल २०१४ ला उच्च न्यायालयानं सगळे सोडले.

चार गावं, चार उच्च न्यायालयीन निकाल. खाली मिळालेला न्याय वर हिसकावला गेला. म्हणून जिंकल्याच्या दिवशी गुलाल उधळा, पण दुसऱ्या दिवसापासून डोळे उघडे ठेवा. आरोपीचं अपील कधी दाखल झालं, कुठल्या न्यायाधीशापुढं आहे, सरकारी वकील कोण, त्यानं कागद वाचलेत का? कलम १५-अ प्रमाणे शिक्षेच्या आणि दोषसिद्धीच्या कामकाजातही पीडिताला म्हणणं मांडता येतं. सगळा भार सरकारी वकिलावर टाकून घरी येऊ नका.

मग असल्या कोर्टांवर भरवसा कशाला ठेवायचा?

ठेवू नका. मी तरी कुठं ठेवतोय? भरवसा वेगळा आणि वापर वेगळा. ज्या क्रेनखाली आम्ही रोज उभे राहतो तिच्यावर आमचा भरवसा नसतो. म्हणून तर आम्ही नजर वर ठेवतो.

आपल्यातले काही जहाल मित्र म्हणतात, कोर्ट म्हणजे ब्राह्मणी व्यवस्थेचं हत्यार, तिथं जाणं म्हणजे शरणागती. त्यांनी महाड पुन्हा वाचावं. २० मार्च १९२७ सगळ्यांना पाठ आहे. १२ डिसेंबर १९२७ किती जणांना माहीत आहे? त्या दिवशी सवर्णांनी महाडच्या कोर्टात बाबासाहेबांवर दावा लावला. चवदार तळं आमचं खाजगी आहे, अनादि वहिवाट आहे, अस्पृश्यांना बंदी करा. कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृती जाळली. आणि त्याच परिषदेत मनाई हुकमामुळं तळ्यावर उतरणं पुढं ढकललं. एका हातात मनुस्मृती जाळणारी काडी आणि दुसऱ्या हातात कोर्टाची कैफियत. दोन्ही हात एकाच माणसाचे.

२३ फेब्रुवारी १९२८ ला मनाई उठली. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. सवर्ण गप्प बसले का? नाही. ठाण्याला अपील केलं. ३० जानेवारी १९३३ ला ते फेटाळलं. तरीही नाही. मुंबई उच्च न्यायालयात दुसरं अपील केलं. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी तेही फेटाळलं. अनादि वहिवाट सिद्ध झाली नाही. एका तळ्याच्या पाण्यासाठी नऊ वर्षं तीन महिने आणि तीन कोर्टं. अपिलं त्यांनी केली आणि दरवेळी बाबासाहेब कागद घेऊन उभे राहिले. दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो. १७ मार्चला एखाद्या वस्तीत अपिलाचा वर्ग भरवला तर तोही सत्याग्रहच होईल.

एवढं जुनं नको असेल तर २०१८ घ्या. पुन्हा २० मार्च. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅट्रॉसिटीत अटकेआधी परवानगी आणि चौकशीच्या अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसं मेली. त्याच दिवशी केंद्र सरकारनं पुनर्विचार याचिका दाखल केली. ऑगस्टमध्ये संसदेनं कलम १८-अ आणलं. १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयानं आपले ते निर्देश मागं घेतले. १० फेब्रुवारी २०२० ला कलम १८-अ वैध ठरवलं. रस्ता तापला म्हणून कागद हलला, आणि कागद दाखल झाला होता म्हणून रस्त्याला फळ आलं. यातलं एक काढून बघा, दुसरं लुळं पडतं.

१९२० साली ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला बिनजिन्याच्या मनोऱ्याची उपमा दिली होती. कोर्टालाही मजले आहेत. तिथला साहेब वरच्या मजल्यावर जास्तच वरचा होत जातो. पण तिथं जिना आहे, अरुंद आहे, अंधारा आहे, आणि ठरलेल्या दिवशी त्याला कुलूप लागतं. कुलूप लावणारा आपल्याला विचारत नाही.

तर प्रत्येक वस्तीत, प्रत्येक शाखेत दोन पोरं नेमा. पद नको, बिल्ला नको. त्यांच्याकडं एक वही द्या. आपल्या माणसांचे जेवढे खटले चालू आहेत, त्यांचे नंबर, पुढची तारीख, निकालाची तारीख, नक्कल मागितल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख. दर रविवारी ती वही सगळ्यांसमोर वाचा. ज्या नावापुढचा रकाना रिकामा असेल, सोमवारी त्याच्या घरी जा.

त्या म्हाताऱ्या बापासाठी आता उशीर माफ करण्याचा अर्ज लिहायचं चाललंय. सबळ कारण म्हणून काय लिहायचं, हे वकिलाला सुचत नाहीये. मी म्हटलं, लिहा, पुढाऱ्यानं शब्द दिला होता. वकील म्हणाला, कोर्टात हे कारण धरत नाहीत.

जय भीम.